कानाचा साचा

झाकणी माझ्या हातातून सुटली आणि फरशीवर गरगर फिरत राहिली. घरात त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं. पोह्यांची तयारी झाली होती, ओसरी पुसून झाली होती, पाहुण्यांची जीप तेवढी यायची होती. आता कुठं काही बिघडू नये म्हणून जो तो आपापल्या जागी अंग चोरून बसला होता. झाकणीच्या आवाजानं सासूबाई दचकल्या. आरशापुढं साडीला पिन लावणाऱ्या माझ्या नणंदेचा, सपनाचा, हात थांबला. ओसरीतून ह्यांनी विचारलं, "काय पडलं?"

माझ्या लेकानं, उत्कर्षनं, तेवढी मान वर केली नाही. माझ्याकडं पाठ करून तो भिंतीशी बसला होता आणि टोपलीतले हरभऱ्याचे घाटे सोलत होता. झाकणी फिरत फिरत त्याच्याजवळ गेली, तिची थरथर फरशीतून त्याच्या तळपायाला लागली, तेव्हा कुठं तो वळला. पाय ठेवून त्यानं ती थांबवली आणि माझ्याकडं बघून हसला.

ती त्याच्याच डब्याची झाकणी होती. त्या डब्यात तळाशी मूठभर तांदूळ असतात, ओल ओढून घ्यायला, आणि वर रुमालात गुंडाळलेली त्याच्या कानातली मशीन. झोपताना ती कानातून निघते, सकाळी तोंड धुतलं की परत कानात जाते. त्या दिवशीही सकाळी ती गेली होती. मग मी ती काढली.

"वहिनी, मशीन कायले काढली त्याची?" सपनानं आरशातूनच विचारलं.

"शिट्टी वाजते ना," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. मशीन शिट्टी मारत होतीच. सपनानं आरशातून माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि पुढची पिन तोंडातून काढली.

उत्कर्ष आठ महिन्यांचा असताना त्याला मोठा ताप आला होता. मेंदूपर्यंत गेला होता असं डॉक्टर म्हणाले. वाशीमच्या दवाखान्यातून लेकरू वाचून घरी आलं ह्याचाच आम्हाला एवढा आनंद होता की बाकी काही बघितलंच नाही. पुढं तो चालायला लागला तरी हाकेला वळेना. घरात कुणी नसलं की मी त्याच्या पाठीमागं उभी राहून झाकण्या पाडायची. छोटी, मग मोठी, मग गंज-पातेल्यावरची. तो आपला मातीत बोटं घालून खेळत राहायचा. तेव्हापासून घरात झाकणी पडली की मी आधी त्याच्याकडं बघते, मग झाकणीकडं.

आता तो दुसरीत आहे. गावातलीच शाळा, दोन खोल्या, दोन सर. त्याच्या वर्गावर इंद्रभान सर आहेत. सर वाईट नाहीत. त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, खिचडी वाढताना त्याच्या ताटात दोनदा बघतात. पण शिकवायचं काय, ते त्यांना कळत नाही, आणि कळत नाही असं ते सांगतातही. "ताई, मले त्याचं ट्रेनिंगच नाई. मी काय करू, तुमीच सांगा."

शिकवणं येतं ते निता मॅडमना. त्या तालुक्याहून येतात, फिरत्या विशेष शिक्षिका. ज्या ज्या शाळेत असं लेकरू आहे त्या त्या शाळेत स्कूटीवरून जायचं, ही त्यांची नोकरी. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी उत्कर्षचा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आ". मग त्याचा हात त्याच्याच गळ्यावर ठेवला. त्यानं आ केला. आपल्या गळ्यात काहीतरी हालतं हे त्याला त्या दिवशी कळलं. घरी येऊन त्यानं सगळ्यांच्या गळ्याला हात लावून पाहिला, बकरीच्यासुद्धा. मी शिलाई मशीन चालवायला बसले की तो तिच्या लाकडी फळीवर तळहात टेकवून उभा राहायचा आणि मशीनबरोबर आवाज काढायचा.

मॅडमनी मलाही शिकवलं. त्याच्या समोर बसायचं. उजेड आपल्या तोंडावर पडला पाहिजे. हळू बोलायचं, पण तोंड वाकडंतिकडं करायचं नाही. "तो ओठ वाचतो ताई. आपण कानानं चुकतो तेवढा तो डोळ्यानं चुकत नाही."

शाळेत हजेरी घेताना त्याचं नाव यायचं आणि निघून जायचं. तो फळ्याकडं बघत असायचा. बाजूचं पोट्टं त्याला कोपर मारायचं, सगळे हसायचे. म्हणून आम्ही दोघांनी एक खेळ काढला होता. सकाळी वेणीफणी झाली की मी उंबऱ्यावर उजेडात बसायची आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारायची, "उत्कर्ष कुठं आहे?" तो छातीवर थाप मारून ओरडायचा, "इथं". एवढ्या मोठ्यानं, की शेजारचे म्हणायचे, लागली वाटते हजेरी.

मग त्याचा कान वाढला. लेकराचं अंग वाढतं तसा कानही वाढतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मशीनच्या टोकाला कानाच्या आकाराचा एक साचा असतो. तो ढिला झाला की आत जायचा आवाज बाहेर निसटतो आणि मशीन शिट्टी मारते. वर्गात शिट्टी वाजली की पोरं हसायची. शेवटी सर म्हणाले, "ताई, मशीन घरीच ठेवत जा ना. बाकीच्या लेकराईचं ध्यान तुटते." साचा नवा करायचा तर कानाचं माप घ्यायला माणूस लागतो, तो शहरातून येतो, आणि तो कधी येणार ते निता मॅडमनाच ठाऊक. आणि निता मॅडम दिवाळीपासून आल्याच नव्हत्या. त्यांना कसल्या तरी सर्वेक्षणाला लावलं होतं.

शाळेत पालकांची सभा झाली तेव्हा मी उठून उभी राहिले. एरवी मी पदर सावरत मागं बसते. "विशेष मॅडम काहून येत नाई? आमच्या लेकराईनं काय करावं?"

सर म्हणाले, "सुकेशनीताई, तालुक्यात अशे लेकरं किती, मॅडम किती, तुमीच हिशोब करा."

"हिशोब तुमी करा सर, शिकवता तुमी. मले फक्त वार सांगा."

सगळे हसले, सरही हसले. पण लिहून वर पाठवलं त्यांनी.

माझ्या अंगात त्या दिवशी काहीतरी शिरलंच होतं. तांड्यावरच्या नानीबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांची नात पायानं अधू आहे, शाळेत नाव आहे, पण ती कधी दिसत नाही. मी सगळ्यांच्या देखत त्यांना म्हटलं, "मावशी, लेकरू असं घरात लपवून ठेवू नये."

नानीबाईनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "लपवत नाई वं माय. उचलून कोण आणीन?"

मी खाली बसले. पण तेव्हासुद्धा मला वाटलं होतं की बोलले ते बरोबरच बोलले.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला. साच्याचं माप घेणारा माणूस उद्या तालुक्याला येतोय, अकरापासून बसेल, उत्कर्षला घेऊन या. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला पाहुणे आठवले. पाहुणेही उद्याच.

ह्यांना सांगितलं. हे जऊळक्याच्या स्टेशनवर ऑटो चालवतात. म्हणाले, "घोर नको करू. पाह्यणं दुपारपर्यंत उरकते. मंग ऑटोत टाकू त्याले आन जाऊ."

तेवढं ठरलं. त्यात काही वावगं नव्हतं. सकाळी उत्कर्षला शाळेत पाठवलं नाही, कारण जायचं आहे. त्याच्या कानात मशीन घातली, कारण माप घेणाऱ्याला दाखवायची आहे. मग सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या.

"सुकेशनी, पाहुणे असतीन तेवढा वेळ त्याले आत ठेव. मी काय कायमचं थोडीच म्हणून राह्यली?"

त्यांच्या बोलण्यात धाक नव्हता, विनवणीच होती. गेल्या उन्हाळ्यात सपनाला एक स्थळ आलं होतं. आमच्यात पाहुणे बसले की आधी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून त्रिशरण-पंचशील होतं. उत्कर्षला ते फार आवडतं, कारण सगळ्यांचे ओठ एकदम हालतात. तेव्हा तो पुढं जाऊन हात जोडून उभा राहिला होता आणि आपल्या आवाजात म्हणत होता. त्याच्या म्हणण्यात अक्षरं कमी असतात, आवाजच जास्त. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आठ दिवसांनी मध्यस्थानं येऊन सांगितलं, पोरगी पसंत आहे, पण घरात तसं लेकरू आहे, उद्या पोरीच्या पोटी बी तसंच निघालं तं. ह्यांनी तापाचं सांगितलं, कागद दाखवतो म्हणाले. तो म्हणाला, आता कागद दाखवून काय उपयोग.

सपना उत्कर्षच्या गालाला हात लावून म्हणाली होती, "बरं झालं राजा. त्या माणसाच्या मिशा मले बी आवडल्या नव्हत्या." आणि मग मागं रांजणाजवळ जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली होती.

म्हणून मी सासूबाईंना हो म्हटलं. पण मशीन काढ असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ते कुणीच म्हणालं नव्हतं. ती मी माझ्या मनानं काढली. शिट्टी वाजली असती तर बाहेर ऐकू गेली असती.

पाहुणे धनजहून यायचे होते. सकाळची दुपार झाली तेव्हा जीप दाराशी लागली. मुलगा, त्याचे वडील जानराव आणि मुलाची आत्या. आत्या ठेंगणी, ठसठशीत, आल्या आल्या म्हणाली, "रस्त्यानं पाठीचे मणके ढिले केले बाप्पा. आधी पाणी द्या, मंग पोरगी दाखवा." सगळे हसले. घरातला ताण थोडा उतरला.

मी आत होते. उत्कर्ष पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होता. बैठकीत सगळे उठले, फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले गेले. त्यानंही हात जोडले. त्याची छाती भरली, तोंड उघडलं, आणि मी मागून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

जोरात नाही ठेवला. पण ठेवला.

बाहेर सगळे म्हणत होते. माझ्या तळहाताखाली त्याचे ओठ हालत होते, गरम वाफ लागत होती. त्यानं झटापट केली नाही. त्याला वाटलं मी मॅडमसारखं काही शिकवतेय. त्यानं माझा हात धरला, तोंडावरून काढला आणि नीट आपल्या गळ्यावर ठेवला. इथं ठेवायचा असतो, असं मला दाखवल्यासारखं. आणि गळ्यातल्या गळ्यात, जवळजवळ आवाज न करता, म्हणत राहिला. माझ्या बोटांना ते सगळं लागत होतं.

पुढं चहा-पोहे झाले. सपनाला विचारलं, काय शिकली, कुठं शिकली. ती नर्सिंगचं बोलली, चांगलं बोलली. मुलगाही मान खाली घालून का होईना, दोन प्रश्न नीट विचारून गेला. मग जानरावांनी सहज विचारलं, "नातवंडं?"

"एक नातू हाय," सासूबाई म्हणाल्या. "मामाच्या गावाले गेला."

मी पोह्याच्या बशा गोळा करत होते. ऐकलं आणि बशा घेऊन आत आले.

आत्याला हात धुवायचे होते. आमच्या घराला बाजूनं बोळ आहे, तो मागच्या परसात निघतो. तिथं रांजण, दगड, आणि तांड्याकडं जायच्या वाटेवरचं फाटक. मी उत्कर्षला कोपऱ्यात तुरीच्या पोत्याजवळ बसवलं, घाट्यांची टोपली पुढं दिली, बोटानं खूण केली, बस. आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन पाण्याचा गडू घेतला.

आत्या साबण चोळत होती. म्हणाली, "पोरगी चांगली हाय तुमची. बोलते बी सरळ."

"हो जी," मी म्हटलं.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. समोर जीप आणि चपला बघून निता मॅडम मागच्या वाटेनं आल्या होत्या. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत त्या थेट परसात आल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, पत्र्याच्या सावलीत उभ्या राहिल्या. मी दारापुढं उन्हात.

"ताई, किती फोन लावले तुम्हाला. उत्कर्ष तयार आहे ना? तो माणूस तीनलाच निघतो म्हणतोय, त्याला पुढं जायचंय. शाळेत गेले तर सर म्हणाले आलाच नाही. म्हटलं मीच गाडीवर घेऊन जावं."

फोन मी आवाज बंद करून फळीवर ठेवला होता.

आत्यानं हातावर पाणी घेता घेता विचारलं, "कोण उत्कर्ष?"

"माझा मुलगा," मी म्हटलं. एवढं मी म्हटलं. मग आत बैठकीत सासूबाईंनी काय सांगून ठेवलंय ते आठवलं. "तो गावाला गेला. मामाकडं."

मॅडम गोंधळल्या. "आज? काल तर तुम्ही घेऊन येते म्हणालात."

"अचानक जावं लागलं."

"मग उद्या परवा येईल? मी त्या माणसाला विनंती करून बघते, वाशीमला तरी..."

इथं मी थांबू शकले असते. हो, येईल, म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण आत्या माझ्याकडं बघत होती, आणि मला वाटलं, उद्या येणारं लेकरू म्हणजे लग्नाच्या बोलणीत येणारं लेकरू.

"नाही येणार मॅडम. आता तिकडंच ठेवणार आहोत. तिकडच्याच शाळेत घालतो म्हणतो भाऊ."

"आणि मशीन?"

"सोबत दिली."

 मॅडम स्कार्फची घडी करत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मग इथल्या यादीत मला त्याला ठेवता नाही येणार. वरून विचारतात. स्थलांतरित लिहावं लागेल." आणि थांबल्या. "लिहू?"

आमच्याकडं हा शब्द तांड्यावरच्या लेकरांपुढं लिहितात. आईबाप उसाला जातात, गाडीत भांडी, शेळ्या आणि लेकरं भरून, आणि शाळेत त्यांच्या नावापुढं हा शब्द राहतो. आमच्या घरातलं कुणी कधी कुठं गेलं नाही.

"लिहा," मी म्हटलं.

तेव्हा मला तो दिसला. मॅडमच्या खांद्यामागं, खिडकीच्या गजांत. तुरीच्या पोत्यावर चढून उभा होता, दोन्ही हातांनी गज धरून. मॅडम त्याच्या हाताच्या अंतरावर पाठमोऱ्या होत्या, पण तो त्यांच्याकडं बघत नव्हता. एरवी त्यांची स्कूटी दिसली की तो उड्या मारतो. तो माझ्याकडं बघत होता. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. उजेड माझ्या तोंडावर होता.

मॅडम वळल्या नाहीत. आल्या तशा फाटकातून गेल्या. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला, तांड्याच्या वळणापर्यंत येत राहिला. आत्यानं पदराला हात पुसले आणि बैठकीत गेली.

पाहुणे निघाले तेव्हा तीन वाजून गेले होते. जानरावांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, पुढच्या रविवारी तुम्ही या म्हणाले. म्हणजे होकारच. सासूबाईंचा चेहरा उजळला. मी सगळ्यांच्या मागं उभी होते. आत्या जीपमध्ये चढता चढता उतरली, माझ्याकडं आली आणि माझा हात धरून बाजूला घेऊन गेली.

"बाई, राग नको मानू. धनजहून निघायच्या आधीच आमी चौकशी केली. जऊळक्याच्या टेशनावर कोणाले बी इचारलं तं सांगते, जगदेव ऑटोवाला, त्याचं पोरगं कानानं कमी हाय, पण लय गोड हाय. आमाले ठावंच होतं."

मी खाली बघत होते.

"पाह्यलं मी त्याले खिडकीत. हात धुवून पलटले तं दिसला." तिनं माझा हात दाबला. "मले वाटलं, आता सांगशीन, मंग सांगशीन. लग्नात पोरगा म्होरं पायजे हो, सांगून ठेवतो. नवरा-नवरीवर टाकायची फुलं त्याच्याच हातानं वाटू."

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. आत सासूबाई सपनाची दृष्ट काढत होत्या, आणि आमचे हे कुणाला तरी फोनवर होकाराचं मोठमोठ्यानं सांगत होते. मी फळीवरून फोन घेतला. मॅडमचे कितीतरी फोन येऊन गेलेले. मी लावला.

"बोला ताई."

"मॅडम, तो इथंच आहे," मी म्हटलं. 

"माहीत आहे. त्याची चप्पल दाराशी होती." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमलेला होता. "पाहुण्यांसमोर तुम्हाला खोटं पाडून मी काय करणार होते?"

"यादीत..."

"अजून लिहिलं नाही मी. पण माणूस गेला ताई. आता परत कधी येईल सांगता येत नाही. आणि साच्याशिवाय मशीन शिट्टी मारणार, शिट्टी मारली की सर काढायला लावणार. मग मी येऊन तरी काय करू?" मग म्हणाल्या, "त्या सभेतलं सरांनी मला सांगितलं होतं. वार मागणारी बाई म्हणून. मी सगळीकडं सांगत फिरते, अशी एक आई आहे म्हणून."

मी फोन हातात धरून चुलीकडं बघत राहिले. नानीबाई आठवल्या. त्यांच्या नातीला उचलून आणायला कुणी नव्हतं. माझ्याकडं तर दारात गाडी आली होती.

उत्कर्ष कोपऱ्यातच बसला होता. टोपलीतले सगळे घाटे सोलून झाले होते. एकीकडं दाणे, एकीकडं टरफलं, नीट दोन ढीग. एरवी मी आत आले की तो धावत येतो. आता आला नाही. मी डबा काढला, तांदूळ झटकून मशीन हातात घेतली आणि त्याच्याजवळ बसले. त्यानं डोकं पुढं केलं, रोजच्यासारखं. मी मशीन कानामागं अडकवली, साचा आत बसवला. तो ढिलाच बसला. मशीननं बारीक शिट्टी मारली. मी बोटानं दाबून धरली. शिट्टी थांबली, बोट काढलं की परत वाजू लागली. म्हणून मी बोट तसंच दाबून ठेवलं.

दारातून उतरतं ऊन माझ्या तोंडावर येत होतं. आमच्या खेळाला लागतो तसाच उजेड. मी तोंड फिरवून घेणार होते, पण त्यानं माझ्या हनुवटीला हात लावून ते आपल्याकडं वळवलं. मग माझा दुसरा हात धरला, नीट आपल्या गळ्यावर ठेवला, माझ्या ओठांकडं बघत राहिला, आणि रोज मी विचारते ते, माझ्यासारखंच हळू, त्यानं मला विचारलं.

"आई, उक्कश कुठं?"